जाड दोरी

अलास्कातल्या केनाई नदीच्या दुधाळ हिरव्या पाण्यावर गळाचा रॉड कमानीसारखा वाकला, रीळ किंचाळायला लागलं आणि डॉक्टर श्रीराम होडीत धडपडून उभे राहिले. वल्ह्यांवर बसलेल्या विष्णूच्या काळजाला थंडावा मिळाला.

“विष्णू, यार, किंग सॅमन आहे. केवढा मोठा आहे रे.”

“लागला ना? आता धरून ठेवा.”

गेल्या गणपतीत, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मंडळात, विष्णूच्या बायकोने, शरयूने मोदकांचं ताट पुढे केलं तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी हात मागे घेतले होते. तिथे खुर्चीवर ठेवा, म्हणाल्या. नैवेद्य झाला, आरती झाली, ताट खुर्चीवरच. विष्णूने डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. “तुम्ही कऱ्हाडचे भोई ना? मनाला लावून घेऊ नकोस. मासळीच्या घरचं देवाला चालत नाही, एवढंच.”

विष्णू तेलकंपनीत इंजिनिअर, डॉक्टरांच्याच गल्लीत त्याचं घर. पण त्या संध्याकाळी तो पुन्हा कृष्णेत जाळं ओढणाऱ्या बापाचा पोर झाला. शरयूने त्यानंतर मोदक केले नाहीत.

आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात याच सोवळ्या माणसाचा फोन. तू दर वर्षी अलास्काला जातोस ना, मला पेंढा भरून क्लिनिकच्या भिंतीवर लावायला मोठा सॅमन हवाय. कुठली नदी, काय सामान, सगळं तूच ठरव.

विष्णूने मन लावून ठरवलं. भलतीच नदी सांगितली असती तर मासाच लागला नसता. त्याला मासा लागायला हवा होता, जन्मात एकदाच लागतो तसला, आणि मग सुटायला हवा होता. म्हणून नदी सगळ्यांत दांडग्या किंगची. गळ नवा, धारदार. दोरी मात्र ट्राउटसारख्या लहान माशाची, बारीक. जाड दोरी नवशिके वापरतात म्हटल्यावर डॉक्टर खूश झाले होते.

मासा एकदा पाण्याबाहेर उसळला. तांबूस, माणसाच्या मांडीहून जाड. मग तो प्रवाहाकडे वळला आणि दोरी टणकन तुटली.

डॉक्टर मटकन खाली बसले.

विष्णूने जॅकेटच्या खिशातून जाड दोरीची गुंडाळी काढली.

“ही तुझ्याकडे होती?”

“सकाळपासून.”

“मग दिली का नाहीस?”

“भोयाच्या घरची आहे, डॉक्टर. म्हटलं, तुम्हाला चालायची नाही.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. विष्णूने गुंडाळी हातात दिली नाही. दोघांमधल्या फळीवर ठेवली, वरून, बोट लागू न देता.