सात लवंगा

सुतारकाकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताईंच्या टेबलावर सात लवंगा ओतल्या.

"ह्यांच्या खिशात सापडल्या. आता तुम्हीच विचारा."

शेजारच्या खुर्चीत काका मान खाली घालून बसले होते. दारू सुटून त्यांना अकरा महिने झाले होते. त्याआधी कितीतरी वर्षं, तोंडाचा दारूचा वास लपवायला काका लवंगच चघळायचे. आता आठवडाभर तोच वास पुन्हा घरात येत होता.

"रोज सकाळी मी स्वतः सिगारेटचं पाकीट देते," काकू म्हणाल्या. "म्हटलं, धूर काढा, पण ते नको. तरी हे..."

ताईंनी दारू तपासायचं यंत्र पुढे केलं. काकांनी निमूटपणे फुंकलं. शून्य.

"बिघडलंय ते," काकू म्हणाल्या.

"सकाळीच तपासलंय. काका, मग लवंगा कशाला?"

"तलफ आली की चघळतो. सिगारेटची."

"सिगारेट देते की मी रोज!" काकू कडाडल्या.

"सोडली. नऊ दिवस झाले." काका ताईंकडे बघत होते. "तुम्हीच म्हणाला होतात ना, तीही सुटली तर दारूपासून लांब राहणं सोपं जातं. हिला सांगितलं असतं तर घाबरली असती. एक सोडलं की दुसरं धरेन म्हणून."

काकू म्हणाल्या, "आणि माझी पाकिटं?"

"कामावरच्या भुशाच्या पोत्यात."

"रोज जेवण झालं की गॅलरीत जात होतात ते?"

"नुसता उभा राहायचो. ओढतोय असं तुला वाटावं म्हणून."

"त्या गारठ्यात?"

"पाच मिनिटं. कधी सात."

ताईंनी हसू दाबत खणातून दुसरं यंत्र काढलं. "हे धुराचं. ओढणाऱ्याचा आकडा वीसच्या घरात जातो. पंधरा मोजेपर्यंत श्वास धरा, मग सावकाश सोडा."

मोजायचं काम काकूंनीच बोटांवर केलं. बाराला काकांचे डोळे मोठे झाले, तरी काकूंनी एकही आकडा गाळला नाही.

दोन.

"काल रंधा मारताना लाकडाचा वास आला," काका धापा टाकत म्हणाले. "विसरलोच होतो मी तो."

काकू पडद्यावरच्या आकड्याकडेच बघत होत्या.

"पुन्हा."

काकांनी पुन्हा फुंकलं. दोन.

"अजून एकदा."

"अगं, आता तरी पटलं ना?"

"पटलं हो," खुर्ची पुढे ओढत काकू म्हणाल्या. "पण बघायला बरं वाटतंय. फुंका."