दुखवट्याचा कोरा चहा

भामाने कपाळावर हात मारून घेतला, तोही आवाज येईल असा. पनवेलच्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने साधं विचारलं होतं, "काका, कालपासून चहा-कॉफी काही घेतलं नाही ना?" आणि भामाच्या नवऱ्याने, महादेवने, छाती पुढे काढून सांगितलं, "चाय एकदम बंद! फक्त कोरा घेतला."

"अहो काका, कोरा म्हणजे चहाच! कॅफीन पत्तीत असतं, दुधात नाही. ते पोटात असलं की तपासणीचं औषध हृदयावर काम करत नाही."

तपासणी रद्द. मागच्या वेळीही हेच. जिना चढताना या माणसाची छाती भरून येते, डॉक्टर तपासणीवाचून पुढचं काही ठरवत नाहीत, आणि याला सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता!

बरं, घरात भामाने पत्तीचा डबा माळ्यावर टाकलेला. पण नेऱ्यापासून आपट्यापर्यंतच्या गावांत कुणी वारलं की महादेव सगळ्यांच्या आधी हजर. दुखवट्याच्या घरी दूध वापरत नाहीत, शेजारी कोरा चहा करून आणतात. याला तेवढंच हवं असायचं.

"मयताच्या घरी चायला नाय म्हनतात काय? त्यांना वाईट वाटतं," रिक्षात तो म्हणाला.

"आनि मला वाटतं त्याचं काय?"



नवी तारीख मिळाली आणि नेमका तिच्या आदल्या सकाळी आळीतला काशिराम गेला. महादेवचा लहानपणापासूनचा दोस्त. छातीचं त्याचंही दुखणं होतं. भातकापणी झाली की दाखवू, म्हणत राहिला. आता महादेवला कोण अडवणार? भामाने दहादा बजावलं आणि स्वतः काशिरामच्या बायकोपाशी जाऊन बसली. नजर मात्र अंगणात.

माणसं स्मशानातून परतली. शेजारणीने चहाचा ट्रे फिरवला. महादेवने कप उचलला.

भामा उठली ती थेट पुरुषांच्या घोळक्यात.

"ठेवा तो कप."

"अगो, लोकं बघतात..."

"बघू दे! लोकांच्या दारचा कोरा चाय पीत फिरताव, एक दिस आपल्या दारात लोकांना पाजाल!" तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

महादेवने कप तसाच धरला होता. "वहिनीला वाईट वाटंल," तो पुटपुटला.

काशिरामची बायको दारात येऊन उभी होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"भावजी, ठेवा तो," ती म्हणाली. "आनि उद्या जा. यांना मी दवाखान्यात जा बोलले नाय, मीपन भातकापणी होऊ दे म्हनलं."

महादेवने भरलेला कप ट्रेमध्ये परत ठेवला.