रेघ नसलेली स्लाइड

माझ्या स्लाइडवर रेघ नसते. तेवीस वर्षांत एकदाही नाही. हे मी पूर्वी फुशारकीने सांगायचे. आता कबुली म्हणून सांगते आहे, तेव्हा मधे बोलू नका.

काम असं असतं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत येतो. तो मेणात बसवून त्याची वडी करतात, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. ती वडी मशीनला लावायची, चाक फिरवायचं आणि ब्लेडवर इतके पातळ काप काढायचे की नुसत्या श्वासाने उडून जावेत. काप कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. नाव डॉक्टरांचं होतं, पण हात आमचे असतात. ब्लेड खराब असलं किंवा तुकड्यात काही टणक असलं, की कापावर आरपार रेघ उमटते. रेघ म्हणजे आमच्या धंद्यात नाचक्की. माझ्या शेजारच्या टेबलावरचा गडी रेघांच्या स्लाइडी बिनदिक्कत पुढे पाठवतो. मी त्याला कसाई म्हणते, तोंडावर म्हणते. तो हसतो. पालथ्या घड्यावर पाणी.

अडीच वर्षांपूर्वी माझ्या भावोजींचा तुकडा आला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापायच्या कारखान्यात ते कामाला होते. आता खाणीतला दगड कोण वापरतो. दगडाची पूड डिंकासारख्या कशात तरी घट्ट करून गुळगुळीत फरश्या बनवतात, त्या. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. आम्ही थट्टा करायचो की भावोजी म्हातारे होऊन कामावरून येतात आणि अंघोळ करून तरुण होतात. माणूस असा सभ्य की कुणाच्या खोलीत शिरताना आधी घसा खाकरायचा, आतलं माणूस दचकू नये म्हणून. पुढे पुढे त्यांना घसा मुद्दाम खाकरावा लागेना. खोकला त्यांच्या आधीच खोलीत पोचायचा. शेवटी डॉक्टरांनी छातीत शस्त्रक्रिया करून फुप्फुसाचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा काढला आणि तो आमच्याकडे पाठवला.

घरच्या माणसाचा तुकडा आपण कापू नये असं आमच्यात म्हणतात. लेखी नियम नाही, पण पाळतात. मी पाळला नाही. भावोजींचा तुकडा त्या कसायाच्या हाती द्यायचा? माझ्या जिवावर आलं. मीच ब्लॉक लावला, चाक फिरवलं, आणि आवाज आला. खर्र.

लोण्यासारखं फुप्फुस आणि खर्र. काप पाण्यावर सोडला तर त्यावर रेघांचं रान. मी ब्लेड बदललं. पुन्हा खर्र. तिसरं ब्लेड लावलं, वडी बर्फावर ठेवून गार केली, मशीनला चार शिव्या घातल्या. मग ब्लॉक उजेडात धरून नीट पाहिलं. एका कडेला राखाडी, कडक असा मुगाच्या दाण्याएवढा भाग होता आणि दुसरी बाजू मऊ होती. मी वडी तिरपी करून बसवली. ब्लेड त्या दाण्याला न शिवता फक्त मऊ बाजूवरून जाईल अशी बसवली. रेघा असलेले सगळे काप टोपलीत टाकले. मग जी स्लाइड निघाली ती अशी देखणी, की काय सांगू. तेव्हाचे आमचे म्हातारे डॉक्टर ती बघून म्हणाले, बाई, तुमच्या हातात जादू आहे. आणि मला बरं वाटलं. घरातलं माणूस आजारी, आणि मला कौतुकाने बरं वाटलं. लाज वाटते सांगताना, पण वाटलं खरं.

मऊ बाजूला नुसती सूज होती, क्षयाच्या खुणा होत्या. तसंच डॉक्टरांनी लिहिलं. त्यांना जे दाखवलं तेच त्यांनी पाहिलं. भावोजींना हायसं झालं. क्षय म्हणजे औषध आहे, बरा होतो, असं म्हणत ते गोळ्या घेत पुन्हा कारखान्यात गेले. चार महिन्यांनी गेले, ते मात्र कारखान्यात नाही.

मालकाने त्या रिपोर्टची प्रत मागून घेतली. कुणी खोकलं, कुणी धुळीचं नाव काढलं, की तो ती दाखवायचा. बघा, तुमचा माणूस क्षयाने गेला, माझ्या दगडाने नाही. आणि वर मोठ्या मनाने त्याने भावोजींची जागा ताईला दिली. पॉलिशच्या विभागात.

मी ताईला म्हटलं, सोड ते काम. एकदा नाही, दर रविवारी म्हटलं. ती माझ्याकडे शांतपणे बघायची आणि एकच उत्तर द्यायची. म्हणायची, रिपोर्ट तुझ्याच प्रयोगशाळेचा ना? स्लाइड तुझ्याच हातची ना? मग तुझ्या हातावर तुझाच भरवसा नाही का? मी तोंडात मूग धरून बसायचे. मला तेव्हा पुरतं कळलंही नव्हतं की मी काय केलंय. फक्त तो आवाज सुटत नव्हता. कुलपात किल्ली फिरवली की खर्र. पातेल्याच्या बुडाला चमचा लागला की खर्र. खुर्ची ओढली की हात आपोआप थांबायचा आणि मी मागे वळून पाहायचे. मागे कुणी नसायचं. पण कुणीतरी दाराशी येऊन उभं आहे, आत यायची परवानगी मागतं आहे, असं वाटत राहायचं. वेड लागायची वेळ आली म्हणा ना.

आणि मग एका रविवारी दुपारी खरोखरच दारात कुणीतरी घसा खाकरला. तोच खाकरण्याचा आवाज. कोरडा, दोनदा, आणि मधे जराशी उसंत. माझ्या हातातली बशी खाली पडली. दार उघडलं तर ताई. म्हणाली, अशी भूत पाहिल्यासारखी काय बघतेस. तिच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या होत्या.

म्हातारे डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक बाई आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. सुरुवातीला मी नाक मुरडलं, खोटं कशाला सांगू. पण त्या आम्हा स्लाइडवाल्यांना बोलावून दाखवायच्या, की तुम्ही जे कापता ते असं दिसतं. त्या सोमवारी त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी फुप्फुस लावलं होतं. मोठमोठ्या गोल पेशी दाखवल्या आणि म्हणाल्या, ह्या भक्षक पेशी. फुप्फुसात आलेलं सगळं खाऊन टाकणं हे ह्यांचं काम. ह्यांच्या अंगावर एका जातीचे हात असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना, सफाईचे रिसेप्टर. हे हात चोखंदळ नाहीत. जंतू असो, मेलेली पेशी असो, खराब झालेली चरबी असो, हाताला चिकटलं की आत. हे हात नसते तर जंतूंनी आपल्याला केव्हाच संपवलं असतं.

कसाई म्हणाला, म्हणजे आमच्या घरची सासूच, काही वाया जाऊ देत नाही. सगळे हसले. मीही हसले.

मग त्या म्हणाल्या, पण दगडाची धूळही त्याच हातांना चिकटते. पेशीला कळत नाही की हे अन्न नाही. ती गिळते. जंतू पोटात विरघळतो, दगड विरघळत नाही. तो पेशीचं पोट आतून फाडतो. पेशी मरता मरता हाकाटी करते, त्या हाकेने सूज येते, आणखी पेशी धावत येतात. आधीची मेली की तिच्या पोटातली धूळ बाहेर सांडते, आणि धावत आलेली पेशी तीच धूळ गिळते. तीही मरते. मग पुढची. ते जिथे चालतं तिथे कडक गाठ होते. माणसाने काम सोडलं तरी आत हे चालूच राहतं. आणि ह्या पेशी अशा खर्ची पडल्या की क्षयाच्या जंतूला रान मोकळं, म्हणून पुष्कळदा दोन्ही एकत्र सापडतात, आणि नुसता क्षय लिहिला जातो.

शेवटी जाता जाता, अगदी सहज, त्या बोलल्या. "फुप्फुस कापताना आवाज आला तर ब्लेड बदलू नका. मला हाक मारा."

तुम्ही ब्लेड कधी बदललं होतं, असं सगळे मला मोठ्याने विचारताहेत असं वाटलं, पण कुणीच काही विचारत नव्हतं. कसाई पेन शोधत होता.

आमच्याकडे ब्लॉक जपून ठेवतात. तळमजल्यावर एक लांबट खोली आहे, भिंतभर उथळ खण, आणि खणात मेणातली माणसं, नंबराने लावलेली. मी एरवी तिथे गाणं गुणगुणत जाते. त्या दिवशी गुणगुणले नाही. खण ओढला, तो खर्र वाजला. चिठ्ठीवरचं अक्षर माझंच होतं, टपोरं, ज्याचा मला अभिमान. ब्लॉक उजेडात धरला. एक बाजू तिरपी कापलेली, सुबक. आणि दुसऱ्या बाजूला तो मुगाएवढा राखाडी दाणा तसाच, मी न शिवलेला. माझ्या मागे कुणीतरी घसा खाकरला असं मला वाटलं. मी वळले नाही. मी म्हटलं, या भावोजी, आत या.

वर येऊन मी वडी सरळ बसवली, दाण्याच्या बरोबर वर ब्लेड आणलं आणि चाक फिरवलं. आवाज आला. मी फिरवत राहिले. ब्लेडला दाते पडले, कापावर रेघाच रेघा, दोन ठिकाणी फाटला. कसाई उठून बघायला आला, काहीतरी टोमणा मारणार होता, पण माझं तोंड बघून परत जागेवर जाऊन बसला.

आयुष्यातली सर्वांत वाईट स्लाइड मी डॉक्टरबाईंपुढे ठेवली. त्यांनी मायक्रोस्कोपात दोन खास काचा बसवल्या आणि एक हळूहळू फिरवली. सगळं काळं होत गेलं आणि त्या काळ्यात दगडाचे बारीक कण उजळले. फार झगझगीत नाही, मंदच, पण मोजता येणार नाहीत इतके. ज्या माणसाला जाऊन दोन वर्षं झाली त्याच्या छातीत ते चमकत होते.

"हे आधी कसं दिसलं नाही?" त्यांनी विचारलं.

"मी दाखवलं नाही," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, टोपलीत टाकलेल्या कापांसकट.

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की सुधारलेला रिपोर्ट निघेल, त्यात कारण लिहावं लागेल, आणि कारणात माझं नाव येईल. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिहा. मग त्यांनी विचारलं की बहीण कारखान्यात किती दिवस आहे. दोन वर्षं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्याच घेऊन या.

ताईकडे जाताना वाटेत मी चार प्रकारे सांगून पाहिलं, प्रत्येक वेळी माझी चूक जरा लहान करून. हात दाखवून अवलक्षण कुणाला हवं असतं? पण तिच्या समोर बसल्यावर ती दोनदा खाकरली आणि माझ्या सगळ्या युक्त्या विरून गेल्या. मी सरळ सांगितलं की ताई, मी धूळ बाजूला ठेवून कापलं. रेघ येऊ नये म्हणून. मालक दाखवतो तो कागद माझ्या हौसेचा आहे. ती रडली नाही, मला बोलली नाही. तिने विचारलं, ते परत कामावर गेले ते त्या कागदामुळेच ना? मी हो म्हटलं. तिने उठून गॅसवरचं दूध उतरवलं, ते उतू जात नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी तिचा एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके होते. सुरुवात आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, काम आजच सुटलं पाहिजे. सुटलं म्हणजे थांबेलच असं मी सांगू शकत नाही, पण सुटलं पाहिजे. ताईने मान हलवली. दुपारी ती सुधारलेला रिपोर्ट घेऊन कारखान्यात गेली, मालकाला नाही, पॉलिशच्या आणि कटिंगच्या सगळ्यांना मधल्या सुट्टीत वाचून दाखवला, आणि परत आली ती कायमची.

त्या दुपारी कारखान्याकडे निघण्यापूर्वी तिने मला म्हटलं, मला ते दाखव. मी तिला मायक्रोस्कोपापुढे बसवलं, काच फिरवून दिली. तिने डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

"हे त्यांचंच?"

"हो."

"ते गेले, आणि हे तसंच आहे."

तिने पदराने डोळा पुसला, मग मायक्रोस्कोपाची काचही पुसली, आपल्यामुळे ओली झाली म्हणून. नंतर ती माझ्या टेबलापाशी आली. मशीनच्या चाकाला हात लावून पाहिला, ब्लेडची डबी उचलून पाहिली, परत जागच्या जागी ठेवली.

"माझा तुकडा आला," ती म्हणाली, "तर तूच काप. दुसऱ्याकडे देऊ नकोस. आणि ब्लेड बदलू नकोस."

मी हो म्हटलं. ती दाराकडे निघाली, आणि बाहेर पडण्याआधी दोनदा खाकरली.