अप्पांच्या गळ्यातला ओटीपी

“‘हा क्रमांक कुणालाही सांगू नका’ असं लिहिलंय इथं,” अप्पा फोनवर म्हणाले. “बँकेनं लिहिलंय. मग तुला कसा सांगू?”

“अहो अप्पा, कुणालाही म्हणजे परक्या माणसाला. मी तुमचा मुलगा आहे.”

“असं म्हणणारे पुष्कळ असतात. परवाच पेपरात आलं होतं. एकानं पुतण्या म्हणून फोन केला आणि म्हातारीला धुऊन नेलं.”

“मी तुम्हाला कशाला धुऊ? खातं माझं, कार्ड माझं, पैसे माझे. आणि गोळ्या तुमच्या! ब्लडप्रेशरच्या!”

“ओरडू नकोस. माझं ब्लडप्रेशर वाढतं.”

समोर लॅपटॉपवर आकडे उलटे पळत होते. परदेशातल्या त्या भाड्याच्या खोलीत अप्पांचा मुलगा एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं डोकं धरून बसला होता. आकडे शून्यावर पोचले. वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा, असं पडद्यानं सांगितलं.

“संपली वेळ, अप्पा.”

“बघ,” अप्पा समाधानानं म्हणाले, “खरा मुलगा असतास तर एवढी घाई केली असतीस का?”

तो कवळ्या बनवायचा. एका इमारतीच्या तळघरात दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा कारखाना होता, तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेणात दात रोवत बसायचं, हे त्याचं काम. त्या शहरातले कितीतरी म्हातारे त्यानं बसवलेल्या दातांनी हसत होते. त्याच्याकडे बघून मात्र त्यातला एकही कधी हसला नव्हता, कारण तो कुणाला दिसतच नव्हता. तळघराला खिडकी नव्हती. मुकादम सकाळी “ठीक?” म्हणून विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढच्या टेबलाशी पोचलेला असायचा. राहत्या इमारतीत समोरच्या दारात एक बाई राहायच्या. त्या लिफ्टमध्ये भेटल्या की दोघंही लिफ्टच्या बटणांकडे असं बघत उभे राहायचे, जणू बटणांचीच परीक्षा आहे.

अप्पांचं वीजबिल, गॅस, गोळ्या हे सगळं तो तिथूनच ऑनलाइन भरायचा. तिकडचं कार्ड इकडे चालायचं नाही, म्हणून मायदेशातल्या बँकेचं कार्ड. आणि त्या कार्डाला दर वेळी ओटीपी लागायचा. सुरुवातीला त्यानं जुनं सिमकार्ड आपल्याबरोबर नेलं. सोमवारी मागवलेला ओटीपी गुरुवारी पोचायचा, लांबच्या प्रवासानं थकून आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला चहा पाजण्यापलीकडे काही उपयोग नसायचा.

त्यानं बँकेला फोन लावला.

“नंबर बदलायचाय? होईल ना सर,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “खात्री करण्यासाठी तुमच्या जुन्या नंबरवर एक ओटीपी पाठवते, तो सांगा.”

“अहो, तो येत नाही म्हणून तर नंबर बदलायचाय.”

“आलं लक्षात सर. मग तो आला की सांगा.”

सुट्टीवर घरी आल्यावर तो स्वतः शाखेत जाऊन उभा राहिला. तिथल्या साहेबांनी आपुलकीनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की परदेशातला नंबर आमच्या कॉम्प्युटरमध्ये मावत नाही. खरंच मावत नव्हता. नंबरात एक आकडा जास्त होता आणि पडद्यावर एक चौकट कमी. साहेबांनी थोडा विचार करून विचारलं, “शेवटचा आकडा गाळला तर चालेल का?”

त्यानं रीतसर तक्रार नोंदवली, सिमकार्ड एका साध्या फोनमध्ये घातलं आणि फोन अप्पांच्या हातात दिला. म्हणाला, “अप्पा, बँकेचा गुप्त नंबर ह्यावर येतो. नीट सांभाळा.”

इथं त्याची घोडचूक झाली. असं वाक्य अप्पांना सांगायचं नसतं.

अप्पा ह्याच बँकेच्या दारावर अख्खी नोकरी उभे होते. वॉचमन. हातात बंदूक. ती उडते की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा बंदुकीलाही नसावं. एकदा मॅनेजरसाहेब ओळखपत्र घरी विसरून आले, तर अप्पांनी त्यांना भर उन्हात पायरीवर उभं केलं. “साहेब, मी तुम्हाला ओळखतो. पण ड्यूटीवरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही,” म्हणाले. शिपाई साहेबांच्या घरी जाऊन ओळखपत्र घेऊन आला, तेव्हा कुठं दार उघडलं. आणि वर कडक सलाम ठोकला.

निवृत्त झाल्यावर बँकेनं बंदूक, पट्टा, टोपी सगळं मोजून परत घेतलं. शिटी तेवढी घ्यायची विसरले. पुढं आई गेली. घरात राखण करण्यासारखं काही उरलं नाही. अप्पा दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि त्या दारातून आत जायला किंवा बाहेर यायला कुणीच नसायचं.

अशा माणसाच्या हातात त्यानं बँकेचं गुपित दिलं होतं. अप्पांनी फोनला दोरी बांधून तो गळ्यात अडकवला, शिटीच्या शेजारी.

“मी म्हटलं, आणा इकडं, मी वाचून सांगते त्याला,” खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला फोनवर सांगत होत्या. “तर माझ्यावर शिटी वाजवली रे! अख्खी चाळ बाहेर आली. मी काय दरोडा घालायला गेले होते?”

“सॉरी काकू.”

“तू नको सॉरी म्हणू. मला गंमत वाटली. कित्येक दिवसांनी माणूस जागचा उठला.”

शेवटी अप्पांनीच तोड काढली. म्हणाले, “तू म्हणतोस तू मुलगा आहेस. ठीक आहे. आधी ओळख पटव. मी विचारीन त्याची उत्तरं द्यायची. सगळी बरोबर आली तर आकडा सांगतो.”

“आणि चुकलं तर?”

“तर पुढच्या रविवारी.”

असे रविवार सुरू झाले. तिकडची सकाळ, इकडची दुपार. तो आंघोळ करून, भांग पाडून टेबलाशी बसायचा. व्हिडिओ नसायचा, नुसता आवाज, तरी भांग पाडायचा.

“प्रश्न पहिला. शाळा बुडवून आलास त्या दिवशी कुठं लपला होतास?”

“तुमच्याच बँकेत. पासबुकं भरायच्या बाकाखाली.”

“कुणी पकडलं?”

“कुणीच नाही. तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत.”

अप्पा खाकरले. “ड्यूटीवरच्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. प्रश्न दुसरा. आईच्या शिवणयंत्राचा कुठला पाय डुगडुगायचा?”

“पुढचा डावा. त्याच्याखाली तुमचं मुदत संपलेलं ओळखपत्र घडी करून घातलं होतं.”

“ते मी अजून काढलेलं नाही,” अप्पा म्हणाले. “प्रश्न तिसरा. माझ्या वरच्या कवळीतला वाकडा दात कुठला?”

ह्याचं उत्तर त्याच्याशिवाय जगात कुणाला माहीत असणार? अप्पांची कवळी त्यानंच बनवली होती. घरून मापं मागवून, कामाची वेळ संपल्यावर थांबून. अप्पांचा मूळचा दात वाकडा होता, म्हणून त्यानं कवळीतही तो तसाच वाकडा बसवला. मुकादम ओरडला होता, हे कसलं काम म्हणून. पार्सल घरी पोचलं तेव्हा अप्पांनी कवळी घालून आरशात पाहिलं आणि फोनवर म्हणाले होते, “चांगली झालीय. माणूस ओळखू येतो.”

“समोरचा, उजव्या अंगाचा,” तो म्हणाला.

“बरोबर. घे, लिहून घे आकडा.” आणि मग पहाऱ्यावरच्या आवाजात एकेक आकडा.

आठवडाभर तळघरात मेणात दात रोवताना तो पुढच्या रविवारची तयारी करायचा. अप्पा काय विचारतील? सायकलची घंटा कशी वाजायची ते? की जिन्यातली कुठली पायरी तुटकी होती ते? त्या सबंध शहरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्याचं नावसुद्धा लोक कागदावर बघून, अडखळत, अर्धंच घ्यायचे. जगात एकच माणूस त्याची चौकशी करत होता, आणि तीही तो चोर आहे का हे बघण्यासाठी. पण चौकशी ती चौकशी.

काही महिन्यांनी बँकेतून फोन आला. तीच गोड आवाजाची मुलगी, किंवा तिची बहीण.

“सर, आनंदाची बातमी! आम्ही एक चौकट वाढवलीय. आता तुमचा तिकडचा नंबर मावतो. इथून पुढं ओटीपी थेट तुम्हालाच येईल.”

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा रविवार शोधला.

“सर? आपणच तक्रार केली होती ना?”

“हो. पण आता राहू द्या.”

“राहू द्या म्हणजे?”

“तक्रार मागं घेतो.”

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला. बँकेत बहुधा तक्रार मागं घेण्यासाठीही चौकट नसावी.

पावसाळा गेला, थंडी आली. एका रविवारी अप्पांनी शिवणयंत्राचा पाय विचारला आणि त्यानं ‘पुढचा डावा’ म्हणताच ते म्हणाले, “चूक. मागचा उजवा.” तो हसला. अप्पा नाही हसले. त्या रविवारी गॅसचे पैसे भरायचे राहिले. पुढच्या रविवारी अप्पांनी एकच प्रश्न तीनदा विचारला आणि त्यानं तीनदा उत्तर दिलं.

मग काकूंचा फोन आला.

“ऐक, घाबरू नकोस. पण अप्पांनी काल मला विचारलं, आपण कोण म्हणून. मला वाटलं चेष्टा करतायत. मग सकाळी बघते तर बँकेच्या दाराशी जाऊन उभे. नवा वॉचमन बिचारा त्यांना खुर्ची देतोय, तर हे त्यालाच विचारतायत, ओळखपत्र कुठंय.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं. विसरण्यावरची गोळी दिलीय. इथं मिळत नाही, ऑनलाइनच मागवायची म्हणाले. लवकर सुरू करा म्हणाले. मी पैसे देते म्हटलं, तर फोनवर तो ऑनलाइनवाला म्हणतो कार्डच हवं. माझ्याकडे कुठलं कार्ड? रेशनचं आहे.”

“मी भरतो काकू.”

“भर बाबा. पण आकडा कसा मिळवणार? तो फोन झोपेतसुद्धा काढत नाहीत गळ्यातून.”

त्यानं घाईघाईनं बँकेला फोन लावला. ती वाढवलेली चौकट अजून आहे का? आहे की सर, मुलगी म्हणाली. फक्त आपण तक्रार मागं घेतल्यामुळे ती पुन्हा उघडावी लागेल. त्यासाठी आपल्या जुन्या नंबरवर एक ओटीपी पाठवते.

म्हणजे अप्पांना आठवण राहण्याची गोळी हवी असेल, तर आधी अप्पांना मुलगा आठवायला हवा होता.

रविवारी तो नेहमीसारखा टेबलाशी बसला. भांग पाडला. गोळ्या निवडल्या, पत्ता टाकला, पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवून आधी फोन लावला. पहिल्याच घंटेला अप्पांनी उचलला.

“कोण?”

“मी, अप्पा. मुलगा.”

“ओळख पटवा.”

‘पटवा’ म्हणाले. ‘पटव’ नाही. त्यानं ते ऐकलं आणि बटण दाबलं. आकडे उलटे पळायला लागले.

“विचारा, अप्पा.”

“प्रश्न... प्रश्न पहिला.” मध्ये बराच वेळ गेला. तो मनात सगळी उत्तरं घेऊन बसला होता. बाक, घंटा, पायरी. प्रश्न काही येईना.

“वाकड्या दाताचं विचारायचं का?” त्यानं हळूच सुचवलं. “कवळीतल्या?”

“कसली कवळी? दात माझे स्वतःचे आहेत.”

“हो. चुकलो. तुमचेच आहेत.”

“एक चूक माफ. पुन्हा नाही.” अप्पांचा आवाज एकदम खाली आला, खाजगी काही विचारावं तसा. “हे सांगा. आमची मंडळी कुठं गेलीय? सकाळपासून दिसली नाही. यंत्रावर कापड तसंच पडलंय.”

पडद्यावर अर्ध्याहून जास्त वेळ संपली होती. त्याला खरं उत्तर माहीत होतं. त्या दिवशी त्याचं विमान उशिरा पोचलं होतं आणि अप्पा स्मशानाच्या फाटकाशी, पहाऱ्यावर असल्यासारखे, ताठ उभे राहून त्याची वाट बघत होते.

“शिवलेले कपडे पोचवायला गेलीय,” तो म्हणाला. “येईल इतक्यात.”

अप्पांनी विचार केला.

“बरोबर,” ते म्हणाले. “मलाही तसंच वाटत होतं. घ्या, लिहून घ्या.”

एकेक आकडा आला. पहाऱ्यावरच्या त्याच खणखणीत आवाजात, एकही न चुकता. त्यानं तो टाकला. पडद्यावर चाक फिरलं आणि अक्षरं उमटली: आपली ओळख पटली आहे. धन्यवाद.

“झालं का तुमचं काम?” अप्पांनी विचारलं.

“झालं.”

“मग आता फोन ठेवा, साहेब. ह्या वेळेला माझ्या मुलाचा फोन असतो. लाइन अडवू नका.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाहेर जिन्यात समोरच्या बाईंचं दार उघडून पुन्हा बंद झालं. विस्कटला नव्हता तरी त्यानं भांग हातानं सारखा केला. जरा थांबला, लाइन मोकळी झाली असं वाटायला लागेल तेवढा. मग पुन्हा नंबर लावला.

“किती उशीर रे!” अप्पा म्हणाले. “मघापासून थांबलोय. मध्येच कुणी एक साहेब बोलत बसला होता. माणूस सज्जन होता, पण एकटा असावा.”

“असेल,” तो म्हणाला.

“बरं, ते सोड. प्रश्न पहिला.”

त्यानं खुर्ची पुढं ओढली.