पाडव्याचं तेल

धनत्रयोदशीला दुपारी सासूबाई आमच्या लहानग्या स्वराला घेऊन गावी, माहीमला, पुढे गेल्या. "तुमी दोघं सावकाश या," म्हणाल्या. तेव्हाच मला आठवायला हवं होतं की पुढे पाडवा आहे, आणि पाडव्याला नवऱ्याला तेल लावायचं असतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं. घर रिकामं आहे.

बोईसरच्या आमच्या इमारतीत भिंती अशा की शेजारच्या किंजलबेनच्या कुकरची शिट्टी ऐकून मी माझा गॅस बारीक करते. म्हणून नीलेशने मिक्सरमध्ये मूठभर चणाडाळ टाकली आणि बटण दाबलं. मागे एकदा किंजलबेन जिन्यात म्हणाली होती, "भाभी, दुपारी दुपारी चटनी वाटते तू, पन वाटीभर कधी देत नाय!" मी हसले होते. नंतर आठवडाभर मिक्सरला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

सरळच सांगते. नीलेशला माझ्या हातचा मार आवडतो, आणि मला तो द्यायला आवडतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने हे सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून, कपड्यांच्या घड्या घालत. मी आधी रडले. मग शोधून शोधून वाचलं, कारण वाचल्याशिवाय मला काही जमत नाही. मग आम्ही नियम ठरवले. राग आलेला असताना हात लावायचा नाही. कमरेच्या वर मारायचं नाही, तिथे मूत्रपिंडं असतात. आणि त्याने तळहाताने गादी थोपटली की संपलं. का, कशाला, काही विचारायचं नाही.

त्या दुपारी हातात त्याच्या कंपनीच्या युनिफॉर्मचा पट्टा होता. पट्टा मुठीभोवती गुंडाळून आखूड धरायचा असतो. मी सैल धरला. सुटं टोक कुशीला वळसा घालून कमरेच्या वर बसलं. नीलेशने गादी थोपटली. मी पट्टा टाकला आणि आधी मिक्सर बंद केला. एकदम शांत झालेल्या घरात मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"अगं, जिवंत आहे मी," तो हसत म्हणाला.

मी बर्फ लावला, तांब्याभर पाणी पाजलं, आणि संध्याकाळी तो बाथरूममधून आला तेव्हा दारातच विचारलं, "लघवीचा रंग कसा होता?"

"शाळेतल्या बाईंसारखी विचारू नकोस. पिवळा."

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "पाडव्याचं लक्षात ठेव गं बाय. एका वर्षी त्याची शिफ्ट, एका वर्षी तू बाळंतीण. औंदा माझ्या डोळ्यांसमोर तेल लाव त्याला."

मी "हो आई" म्हटलं आणि फोन ठेवून नीलेशचा शर्ट वर केला. वळ फुगला होता. पट्ट्याचं निमुळतं टोकसुद्धा ओळखू येत होतं.

"शिडीवरून पडलो म्हणून सांगेन," नीलेश म्हणाला.

"शिडीला पट्ट्याचं टोक असतं का?"

"तू घाबरतेस कशाला इतकी? आईच आहे ती."

आईच आहे म्हणूनच तर. आपल्या मुलाच्या अंगावर सुनेने उठवलेला वळ बघून त्या दुसरं काय समजणार? ही चिडली की मारते. आणि मग स्वराला माझ्याकडे देताना त्यांचा हात क्षणभर थांबेल. त्या तोंडाने काही बोलणार नाहीत, पण हात थांबेल. मला ह्याच क्षणाची भीती वाटत होती. माहीमला जाताना रिक्षात, फराळाची ताटं भरताना, रात्री कूस बदलताना मला तो हातच दिसत होता.

पाडव्याच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. वळ आता हिरवट-जांभळा झाला होता. नीलेशला न्हाणीघरात नेऊन मी त्यावर माझं फाउंडेशन थापलं, वरून पावडर दाबली. लांबून काही कळत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क दिवे लावताना गुणगुणले.

पडवीत पाट मांडला होता, भोवती रांगोळी. नीलेश पंचा नेसून बसला. बाबा, म्हणजे माझे सासरे खंडेराव, झोपाळ्यावर चहा पीत होते. साखरेच्या आजाराने वाळलेले, मांजरांना बशीत दूध घालणारे गरीब म्हातारे. सासूबाई उटण्याची वाटी घेऊन शेजारी उभ्या होत्या.

मी कोमट तेल घेतलं. खांदे, पाठ. तेल ओघळत खाली गेलं आणि त्याच्याबरोबर तपकिरी रंगाची रेघ पंच्यावर उतरली.

तेलाने मेकअप निघतो. मी रोज रात्री काजळ तेलानेच काढते. केमिस्ट्रीची बी.एस्सी. मी, आणि तेलाच्या आंघोळीला मेकअप करून नवऱ्याला बसवलं होतं.

माझे हात घाबरून भराभर चोळायला लागले आणि नेमके त्या जागी लागले. नीलेशने तळहात पाटावर थोपटला. मी हात उचलले.

"थांबलीस का? कंबर राहिली ना," सासूबाई म्हणाल्या आणि वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "अवो, बंबात लाकूड घाला जरा. पाणी थंड हाय."

बाबा कप ठेवून मागे गेले.

"पट्ट्याचा हाय हा," त्या म्हणाल्या.

"आई, कंपनीत शिडीवरून..."

"तू गप. मला वळ शिकवतो? टोक असं कुशीत वळून येतं ते पट्ट्याचंच. काठीचा असा नाय उठत." त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिकडे लाकडं आपटल्याचा आवाज येत होता.

सासूबाई आजपर्यंत मला त्यांच्या पाठीला बाम लावू देत नव्हत्या. कितीही दुखली तरी स्वतःच हात मागे नेऊन लावायच्या. मला वाटायचं, संकोच.

"कोणी मारला?"

"मी," म्हटलं.

"मी सांगितलं तिला," नीलेश घाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "भांडण नाही गं आई. आमच्या दोघांतलं आहे. मला... मला आवडतं ते."

"आवडतं?"

"हो."

सासूबाईंनी त्याच्यावरची नजर काढून माझ्यावर आणली. "आणि त्याला नको झालं तर?"

"तो हात थोपटतो. मी थांबते."

"लगेच?"

"लगेच, आई."

त्यांनी उटण्याची वाटी पाटाशी ठेवली. "आता थोपटला त्यानं पाटावर. बघितला मी. मला वाटलं तेल चटकलं." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी पण थोपटायची. भुईवर, भिंतीवर, हात पोचंल तिथं. शेजारी ऐकू जायचं."

नीलेशने मान वर केली. आपल्या आईकडे, मग मागच्या दाराकडे पाहत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. निदान इतकं नव्हतं.

"आई, बाबांनी..."

"सणाच्या दिवशी नको." त्या पाटाजवळ खाली बसल्या, बोटांवर उटणं घेतलं आणि वळाच्या कडेकडेने, मधल्या जागेला न लागू देता, लावायला लागल्या. मला म्हणाल्या, "कमरेच्या वर मारू नको. लघवीला रक्त येतं."

"नाही मारत, आई. चुकून लागला."

"चुकून," त्या म्हणाल्या, जणू तो शब्द तोंडात धरून बघत होत्या.

"पाणी तापलं गं!" बाबांनी मागून हाक मारली. नीलेश उठला, पण त्या दाराने गेला नाही. अंगणातून वळसा घालून न्हाणीघरात गेला.

आतून स्वरा रडली. मी उठायच्या आत सासूबाई गेल्या आणि तिला कडेवर घेऊन आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी हात पुढे केले. तेलाने माखलेले, बोटांच्या फटींत फाउंडेशनचा रंग.

त्यांचा हात थांबला.

पदराचं टोक शोधून त्यांनी स्वराचं नाक पुसलं, एकदा, मग नीट पुन्हा एकदा.

"घे," म्हणाल्या.

"माझे हात तेलकट आहेत."

"असू दे. घे."