उशी कुणाच्या हद्दीत

बारा वर्षांखालच्या मुलींचा हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, संघ उतरवायचा तर नऊ मुली लागतात. आमच्याकडे आठ होत्या. गुरुवारी नावनोंदणी बंद होणार होती आणि आमचे अध्यक्ष मॅलकी ब्रोगन चहात तिसरं बिस्किट बुडवत म्हणत होते, "देव काहीतरी करेल, नोरीन."

"देव समितीवर नाही," मी म्हटलं. "असता तर जर्सी धुण्याच्या पाळीत त्याचंही नाव घातलं असतं."

मी ड्रुमाहेर क्लबच्या मुलांच्या विभागाची सचिव. म्हणजे फाटकाची किल्ली माझ्याकडे, मलमपट्टीची पेटी माझ्याकडे, आणि कुणाच्या पोराला सामन्यात बाहेर बसवलं की त्याच्या आईच्या शिव्याही माझ्याकडे. पगार शून्य. पगार आमच्यात कुणालाच नाही. मुलींना शिकवणारा शेमस दूधगाडी चालवतो. खजिनदार निवृत्त नर्स आहे, ती हिशोब आणि गुडघे दोन्ही बांधते. पैसा येतो दर आठवड्याच्या लॉटरीतून, केकविक्रीतून, आणि नाताळाआधी सुपरमार्केटच्या काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून दिल्या की समोर ठेवलेल्या बादलीत पडेल त्यातून. मुलींच्या पाठीवर गावातल्या अंत्यविधीवाल्याचं नाव आहे: 'गॅवेगन आणि मुलगे, सन्मानपूर्वक निरोप.' दहा वर्षांच्या पोरींच्या पाठीवर! पण जर्सीचे पैसे दुसऱ्या कुणी दिले नाहीत. मोठ्या दुकानवाल्यांना मोठ्या मुलांच्या छातीवरच जागा हवी असते. मुलींकडे त्यांचं लक्ष जातं ते फोटो काढायच्या दिवशी.

नववी मुलगी मिळाली नाही तर काय होणार हे मला पाठ होतं. गावाला संघच नसला की मुली शेजारी खेळू शकतात; म्हणजे शेजारचा किलब्रॅन क्लब आमच्यातल्या तीन चपळ मुली उचलणार आणि उरलेल्या पाच घरी बसणार. त्या पाचांत माझी लेक एमर. एमर धावायला लागली की ती निघाली की थांबली ते पाहणाऱ्याला कळत नाही. पण शनिवारी सकाळी सातला, पावसात, हातात काठी घेऊन दारात उभी असते ती. असल्या पोरीला घेणारा क्लब या जगात एकच असतो: तिच्या स्वतःच्या गावचा. तो मोडला की संपलं.

नववी मुलगी शेमसने शोधली. लुआना, एमरच्याच वर्गातली. दूध उतरवायला गेला असताना ती घराच्या भिंतीवर चेंडू मारत होती आणि चेंडू दर वेळी त्याच विटेवर लागत होता. तिची आई जोसिमारा ब्राझीलची, मांसाच्या कारखान्यात कामाला. तीन वर्षं ती आमच्या केकविक्रीला चीजचे गोल पाव करून देते, आणि ते केकच्या आधी संपतात. मी सोमवारी लुआनाचं नाव घातलं. मंगळवारी किलब्रॅनची हरकत आली: ते घर किलब्रॅनच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चच्या हद्दीत, येतं.

नियम जुना आहे आणि आमच्याकडे तो बायबलपेक्षा जास्त पाळतात. मूल ज्या पॅरिशमध्ये निजतं त्या पॅरिशच्या क्लबाकडून खेळतं. शाळा कुठली, आई लॉटरी कुठे घेते, पाव कुणाला देते, काही विचारायचं नाही. आणि दोन पॅरिशमधली शीव म्हणजे ओढा.

"ओढा घराच्या मागे आहे," मी फोनवर किलब्रॅनच्या सचिव बर्नी कोइनला म्हटलं. "घर आमच्या बाजूला. डोळे तपासून घे."

"ओढा आज मागे आहे," बर्नी म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या वेळी सरकारने तो सरळ केला. शीव जुन्या ओढ्याची आहे, नोरीन. जुना ओढा घराखालून जातो. नकाशा बघ, वाचता येत असेल तर."

फोन ठेवला आणि नकाशा पाहिला. बाई खरं बोलत होती. याचाच जास्त राग आला.

बुधवारी दुपारी चारला काउंटी समितीचा, म्हणजे वरच्या जिल्हा समितीचा, फिंटन आला, बगलेत जुना नकाशा, खिशात मोजपट्टी. उंच, वाकलेला, कायम माफी मागितल्यासारखा चेहरा. मी आणि मॅलकी आधीच पोचलो होतो. बर्नी दोन मिनिटांनी आली, चिखलाच्या बुटांत. जोसिमाराने कॉफी ठेवली, पाव मांडले, आणि हे चार मोठे लोक माझ्या घरात फुटपट्टी घेऊन का शिरलेत असा चेहरा करून उभी राहिली.

"घर कुणी बांधलं हे?" फिंटनने विचारलं.

"मार्टिन हेहर," मॅलकी म्हणाले. "मुद्दाम शिवेवर बांधलं. आमचा फादर वर्गणीला आला की मार्टिन म्हणायचा मी किलब्रॅनचा, त्यांचा आला की म्हणायचा ड्रुमाहेरचा. चाळीस वर्षं दोघांना एक दमडी दिली नाही."

"आमच्यात त्याला मानतात," बर्नी म्हणाली.

फिंटनने अंगणातल्या जुन्या पुलाच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. दारातून आत आला, जोसिमाराची परवानगी घेऊन खडूने फरशीवर रेघ ओढत गेला. स्वयंपाकघर किलब्रॅनचं निघालं. न्हाणीघर आमचं.

"निदान तेवढं तरी आपलं," मॅलकी पुटपुटले.

रेघ लुआनाच्या खोलीत शिरली आणि नेमकी पलंगाखाली गेली. फिंटन पोटावर झोपून पलंगाखालून गेला आणि केसांत धूळ घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आला. पलंगाचा उशीकडचा अर्धा भाग ड्रुमाहेर. पायाकडचा अर्धा किलब्रॅन.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"डोकं आमच्याकडे!" मॅलकी ओरडले. "डोकं म्हणजे माणूस!"

"पाय आमच्याकडे," बर्नी म्हणाली. "तुमच्या संघाला पाय लागत नसतील तर गोष्ट वेगळी. तुम्हाला खेळताना पाहिलंय मी."

"बाईने काय डोक्याशिवाय पोरी उतरवल्यात मैदानात?" मॅलकींनी विचारलं.

"तुमचा अध्यक्ष डोक्याशिवाय चाललाच आहे की!"

फिंटनने नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, पानं उलटली. "इथे लिहिलंय," तो माफी मागत म्हणाला, "'खेळाडू रात्री जिथे डोकं टेकतो ती जागा.' म्हणजे उशी. उशी ड्रुमाहेरमध्ये आहे."

मॅलकींनी टोपी काढून छातीशी धरली. मी भिंतीला टेकले. एमरचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि मला, खरं सांगते, हसू फुटलं.

"पण मी उलटी झोपते," लुआना म्हणाली.

ती इतका वेळ दारात उभी होती. आम्ही तिला काहीच विचारलं नव्हतं. नऊ मुलींसाठी आम्ही नकाशे काढले, फरशी खडूने खराब केली, आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला कुणी एक शब्द विचारला नाही. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. मुलांचा क्लब म्हणतात आणि मुलांना सोडून सगळ्यांचं ऐकतात.

"उलटी म्हणजे?" फिंटनने विचारलं.

"खिडकीतून गार वारा येतो, म्हणून डोकं तिकडे करते, हीटरकडे. सकाळी आई अंथरूण नीट करते तेव्हा उशी परत इकडे ठेवते." तिने आईकडे पाहिलं. "हो की नाही?"

"हो," जोसिमारा म्हणाली. "रोज मी उचलते. रोज ही परत नेते."

म्हणजे डोकं किलब्रॅनमध्ये. गेलं सगळं.

मॅलकी गुडघ्यावर बसले, अगदी गोड आवाजात. "बाळा, आज रात्रीपासून तू सरळ झोपलीस तर काय हरकत..."

मी त्यांच्या बोटांवर पाय दिला. पूर्ण वजनाने. "उठा," मी म्हटलं. "पोरीला आपण काठी धरायला शिकवणार होतो. खोटं बोलायला शिकवायची असती तर तिला काउंटी समितीकडेच पाठवली असती."

"अहो," फिंटन म्हणाला.

"तुम्हाला नाही. वरच्यांना."

मग मी बर्नीकडे वळले. आता घालवायला काहीच उरलं नव्हतं, आणि अशा वेळी माझी जीभ सगळ्यात चांगली चालते. "घे. मिळाली ना? चौदा मुली आहेत तुझ्याकडे. ही पंधरावी. बाहेर बाकावर बसेल, थंडीत, अनोळखी पोरींमध्ये. इकडे माझ्या आठ जणींचा संघ मोडला. तुला ही नको होती, बर्नी, तुला आमचा संघ नको होता. सरळ तसं म्हणायचं होतंस, मोजपट्टीवाल्याला कशाला त्रास दिलास?"

मला वाटलं आता ती भडकेल. पण बर्नी लुआनाच्या पलंगावर बसली, किलब्रॅनच्या बाजूला, आणि बूट काढून पायाचा अंगठा चोळू लागली.

"चौदा आहेत," ती म्हणाली. "कुठे खेळतात माहीत आहे का तुला? आमचं मैदान नोव्हेंबरपासून पाण्याखाली आहे. गुरांच्या बाजाराच्या शेडमध्ये पळवतो पोरींना. गायी गेल्या की आम्ही शेड पाण्याच्या पाइपने धुतो आणि मग शिटी फुंकतो. गेल्या आठवड्यात एक घसरली, मनगट मोडलं. अर्ज केले, पत्रं लिहिली. फिंटन, उत्तर आलं का?"

फिंटनने नकाशाची घडी घालायला घेतली.

"आणि रस्त्याने जाताना," बर्नी म्हणाली, "तुमचे दिवे दिसतात. कोरडं मैदान, चार खांब, लख्ख. आणि खाली कुणी नाही. मंगळवारी रिकामं. गुरुवारी रिकामं. मला राग आला, नोरीन. हरकत मी रागातच लिहिली."

राग मला कळतो. दुसरं काही कळत नसेल, तो कळतो.

"सोडचिठ्ठी देता येते ना?" मी फिंटनला विचारलं. "पॅरिशच्या क्लबने लिहून दिलं की मुलगी दुसरीकडे खेळू शकते?"

"सचिवाची सही लागते. एका वर्षापुरती."

"मंगळवार," मी बर्नीला म्हटलं. "सहा ते साडेसात."

"मंगळवार आणि गुरुवार. आठपर्यंत."

"दिवे!" मॅलकी किंचाळले. "किलब्रॅनला? नोरीन, त्या दिव्यांसाठी आपण अकरा वर्षं केक विकले!"

"तुम्ही एक तरी भाजलात का? खाल्लेत किती ते सांगू?" मी परत बर्नीकडे पाहिलं. "दोन्ही दिवस. पण त्या दिवसांचं विजेचं बिल तुमचं. आणि कपडे बदलायच्या खोल्या तुम्ही झाडून जायचं. चिखल ठेवलात तर मी तुझ्या दारात आणून टाकेन."

"माझ्या दारात आधीच आहे, एवढा तुझ्याकडे नसेल." बर्नीने हात पुढे केला. मग मागे घेतला. "सोडचिठ्ठी पोरीला हवी असेल तरच."

आम्ही सगळ्यांनी लुआनाकडे पाहिलं. या वेळी विचारलं.

"एमर आहे ना संघात?" ती म्हणाली. "मग इकडे. पण नोरीनमावशी, मी झोपू कुठल्या बाजूला?"

"तुला हवं तिथे झोप गं बाई."

सही किलब्रॅनमध्येच झाली, म्हणजे स्वयंपाकघरात, पावांच्या ताटलीशेजारी. फिंटनने सहा पाव खाल्ले आणि गुरुवारी सकाळी कागद स्वतः नेऊन दिला.

शुक्रवारी समितीची बैठक. सात पुरुष, खजिनदारबाई आणि मी. मॅलकींनी आधीच सगळ्यांना फोन केले होते. एकजण म्हणाला विश्वासघात. दुसरा म्हणाला, त्याच्या बापाने किलब्रॅनविरुद्ध खेळताना तीन दात गमावले. तिसऱ्याला घटनेचं कलम आठवलं. एरवी त्याला बायकोचा वाढदिवस आठवत नाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग धुवायच्या जर्सींची पिशवी उचलली आणि टेबलावर ठेवली. ओली, वास मारणारी.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं. आता ठराव करा. करार मोडायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. ज्याचा हात सगळ्यात आधी वर जाईल तो उद्यापासून सचिव. पिशवी त्याची, किल्ली त्याची, आणि आठ पोरींच्या आयांना फोनही तोच करेल."

एकही हात वर गेला नाही. दात गमावलेल्याच्या मुलाने हात खिशात घातले. खजिनदारबाई म्हणाली, "पुढचा विषय: लॉटरी."

मार्चच्या पहिल्या शनिवारी आमच्या नऊ मुली उतरल्या. सामना होता कॉन्ही क्लबशी, त्यांच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच. लुआना गोलमध्ये. तिने अकरा चेंडू अडवले. अडवायचे होते वीस. मॅलकी रेषेवर उभे राहून इतके ओरडले की पंचाने त्यांना दोनदा मागे पाठवलं, आणि सामना संपल्यावर ते लोकांना सांगत फिरत होते की त्या पोरीला त्यांनी शोधलं.

एमरच्या काठीला चेंडू अख्ख्या सामन्यात एकदा लागला. तोही चुकीच्या दिशेने गेला. ती मैदानातून बाहेर आली तेव्हा केसांपासून मोज्यांपर्यंत चिखल होता, फक्त डोळे पांढरे.

"किती झाले?" तिने विचारलं.

"नऊ त्यांचे. आपला एक."

तिने थोडा विचार केला. "आपलापण एक झाला?" ती म्हणाली. मग वळली आणि लुआनाला सांगायला धावत सुटली. आणि या वेळी, शपथ घेऊन सांगते, ती धावतेय हे लांबूनही कळत होतं.