यादीत नसलेला कडुनिंब

देशादेशांचे करार करताना सिंधूताईला कुणी विचारत नाही. त्यामुळे आपल्या डोक्यावरच्या कडुनिंबाला परदेशात बहीण मिळाली, हे तिला पोह्यांवरची तर्री ढवळता ढवळता कळलं.

झालं असं, की दूरच्या एका बर्फाळ देशाशी आपला व्यापार करार झाला. नागपूरची संत्री तिकडे जाणार, तिकडचं चीज इकडे येणार. कराराच्या शेपटाला पर्यावरणाचं एक प्रकरण होतं. हल्ली ते लावल्याशिवाय कुणी सही करत नाही. दोन्ही देशांनी आपलं एकेक झाड 'भगिनी वृक्ष' म्हणून जाहीर करावं, त्याची 'मूळ स्थिती' नोंदवावी आणि ती बिघडू देऊ नये. बिघडली तर सवलत बंद आणि संत्री बंदरातच. त्या लोकांनी दोन वर्षं अभ्यास करून देवदारासारखं काहीतरी निवडलं. आपल्याकडे झाडांच्या खात्यातल्या मधुसूदन साहेबांना सकाळी फोन आला, दुपारपर्यंत एका झाडाचं नाव कळवा. साहेब तेव्हा सिंधूताईच्या ठेल्यावर पोहे खात होते. त्यांनी मान वर केली. वर कडुनिंब होता. त्यांनी तोच कळवून टाकला.

बावीस वर्षं सिंधूताई त्या झाडाखाली तर्री-पोहे विकत होती. नवरा गेल्यावर ठेला ढकलत ती अर्धं नागपूर फिरली होती, आणि मे महिन्यात चक्कर न येता उभं राहता येईल अशी ही एकच जागा तिला सापडली होती. खोडात एक जुना खिळा होता. तो तिने ठोकलेला नव्हता, पण बरोबर तिच्या हाताला येईल इतक्या उंचीवर होता. त्याला ती पिशवी अडकवायची आणि मगच स्टोव्ह पेटवायची.

चौथ्या दिवशी साहेब पोहे खाऊन, हात धुऊन, नोटीस घेऊन उभे राहिले.

"आठ दिवसांत ठेला हलवा, सिंधूताई. आता हे साधं झाड नाही राह्यलं. याच्याजवळ स्टोव्ह चालत नाही."

"काहून? तुम्ही तं आताच इथं पोहे खाऊन राह्यले होते!"

"म्हणून तं खाऊन झाल्यावर नोटीस देऊन राहिलो ना," साहेब म्हणाले. माणूस तसा भिडस्त होता.

पण सातव्याच दिवशी, कुणाला न कळवता, त्या देशाच्या तपासणी बाई येऊन टपकल्या. दोन प्लेट पोहे खाल्ले, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या खुशीत त्यांनी खोडाला पाठ टेकून मूळ स्थितीचा एक फोटो काढला. वेळ सकाळी आठ चाळीस. फोटोत जे जे दिसलं त्याची चौदा कलमी यादी झाली आणि दोन्ही सरकारांनी तिच्यावर शिक्के मारले. पहिल्या कलमात सिंधूताई होती. दुसऱ्यात ठेला, तिसऱ्यात तिची तडकलेली निळी बादली. यातलं काही हलवणं म्हणजे आता करारभंग होता. साहेबांनी नोटीस फाडली. सिंधूताईच्या जिवात जीव आला.

तो फार दिवस टिकला नाही. बादली गळायची, पण बदलता येईना. "तीन नंबर हाय, ताई, हात नका लावू," साहेब म्हणायचे. सर्वांत वाईट हाल विश्वनाथभाऊचे झाले. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ त्या दिवशी सहज बंद पडलेल्या स्कूटरला टेकून पेपर वाचत होता. तो आता नऊ नंबर होता. रोज आठ चाळीसला त्याला तिथे टेकावं लागे, डावा पाय उजव्यावर टाकून. स्कूटर दुरुस्त करायला बंदी होती. तो ती घरून ढकलत आणायचा. पिवळं कुत्रं अकरा नंबर होतं. तेवढं मात्र स्वखुशीने झोपायचं.

"संत्रे तिकडचे लोक खातील अन् पाय माहा दुखून राहिला," विश्वनाथभाऊ कुरकुरायचा. पण यायचा. सरकारी यादीत नाव लागण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

असं वर्ष सरत आलं. दुसऱ्या तपासणीला पाच दिवस होते. रविवारी ठेला बंद असतो. सोमवारी सिंधूताई आली, पिशवी अडकवायला हात पुढे केला आणि पिशवी खाली पडली. खिळा नव्हता. खोड नव्हतं. झाडाच्या जागी ताजा मुरूम दाबून बसवला होता.

"संत्र्याचे कंटेनर इथं वळत नव्हते," मधुसूदन साहेब तिची नजर चुकवत म्हणाले. "दुसऱ्या खात्याचं काम हाय. कराराच्याच पैशातून झालं."

"अन् तुमची यादी?"

"यादीत झाड नाही, ताई. बाई झाडाले टेकूनच उभी होती. झाड तिच्या मागं राह्यलं, फोटोत आलंच नाही." त्यांनी कागद दाखवला. "चौदा नंबरले सावली हाय. तिची सोय केली."

सोय म्हणजे वर ताणलेली हिरवी जाळी. फोटो समोर ठेवून शिंप्याने तिला पानापानाएवढी भोकं पाडली होती. आठ चाळीसला तिची सावली फोटोतल्या सावलीशी ठिपक्याला ठिपका जुळायची. नऊ वाजता ती रस्त्यावर निघून जायची आणि सिंधूताई उन्हात. तिला रडू आलं. पोहे करताना रडलं तर लोक कांद्याला दोष देतात, तेवढी या धंद्यात सोय आहे.

विश्वनाथभाऊने क्रेनवाल्याला गाठून पत्ता काढला. झाड मुळासकट उचलून शहराबाहेर कन्हानला नदीकाठच्या मोकळ्या प्लॉटवर लावलं होतं. गुरुवारी दोघं बसने गेली. फांद्या छाटलेल्या, अंगाला गोणपाट गुंडाळलेलं, एकही पान नाही. आळं कोरडं ठणठणीत. गोणपाटातून खिळा तेवढा बाहेर आला होता. सिंधूताईने पिशवी त्याला अडकवली. या झाडाने तेवीस वर्षं तिच्याकडून जागेचं भाडं मागितलं नाही, आणि त्याला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. तिला लाज वाटली.

"उद्या ठेला इथंच लावू, भाऊ."

"उद्या तं तपासणी हाय! तिकडं यादी मोजतीन ना."

"यादी म्हणजे कोण गा? आपणच. आपण जिथं, तिथं यादी."

शुक्रवारी आठ चाळीसला मधुसूदन साहेब पाहुण्या बाईंना घेऊन जागेवर पोहोचले. सावली तंतोतंत पडली होती. तिच्याखाली कुणीच नव्हतं. साहेबांनी विश्वनाथभाऊला फोन लावला, पत्ता ऐकला आणि गाडी कन्हानकडे पिटाळली.

तिथे सगळं मांडून तयार होतं. ठेला, बादली, स्कूटर आणि यादीतलं बाकीचं सामान टेम्पोतून आलं होतं. कुत्रंही टेम्पोतूनच आलं होतं आणि येताच झोपलं होतं. बाईंनी आधी पोहे खाल्ले, मग एकेक खूण केली. तेरा झाल्या.

"सावली?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी जमिनीकडे पाहिलं. उघड्या खोडाची एक काळी पट्टी पडली होती, फार तर कुत्र्याला पुरेल एवढी. बाईंनी खांदे उडवले, फोन काढला आणि गेल्या वर्षीच्या सवयीने खोडाला पाठ टेकली.

सिंधूताईने झारा ठेवला. पदराला हात पुसले, सरळ जाऊन बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत समोरच्या बाजूला आणून उभं केलं.

"साहेब, त्यायले सांगा. मागच्या खेपेले झाड मागं राह्यलं. आता ते समोर पाहिजे."

साहेबांनी सांगितलं. बाईंनी त्या गोणपाटाकडे आणि खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्यांनी फोटो काढला, चौदाच्या पुढे काट मारली आणि खाली हाताने पंधरावं कलम लिहिलं. झाड.

मधुसूदन साहेबांना मात्र नवीच काळजी लागली. "मॅडम, आता हीच मूळ स्थिती झाली ना? मग उद्या याला पान फुटलं, तर स्थिती बदलली असं धरायचं का?"

बाईंनी खूप विचार केला. दोन्ही देशांच्या समितीला विचारावं लागेल, म्हणाल्या. वर्ष-दीड वर्ष लागेल.

"विचारा, सावकाश विचारा," सिंधूताई म्हणाली. तिने तीन नंबरची बादली काठोकाठ भरली, उचलून झाडाच्या आळ्यात ठेवली आणि तडकलेली बाजू मुळांकडे फिरवली. पाणी आपोआप झिरपायला लागलं.

"हिले आता कोणी हात लावायचा नाही," ती साहेबांना म्हणाली. "यादीत हाय."